चौथ्या कोडची माणसं

एका केंद्रावर नव्या औषधाची चाचणी मध्येच सोडून गेलेल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्यांच्या बाटल्या परत आल्या होत्या, आणि त्या आणून देणाऱ्याच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं नातं लिहिलेलं होतं. मुलगा. सून. पती. धाकटी बहीण. एके ठिकाणी नुसतंच ‘घरचे’.

इतर केंद्रांवर असं दिसत नव्हतं. तिथे औषध नको झालेलं माणूस एकतर स्वतः येऊन बाटली टेबलावर ठेवून जाई, नाहीतर बाटली परत येतच नसे आणि रकाना रिकामा राही. तिने चष्मा पुसून तो रकाना पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. कंटाळून सोडलेल्या औषधाची बाटली घरात कुठल्यातरी खिडकीत पडून राहते, हे समजण्यासारखं होतं. पण सुनेने सासऱ्यांची बाटली घेऊन, दोन बस बदलून केंद्रावर यावं? सासरे स्वतः का आले नाहीत?

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

शब्दांचे अर्थ लिहिणारी म्हणून ऑफिसात तिला सगळे ‘कोशताई’ म्हणत. आमवातावरच्या एका नव्या गोळीची चाचणी कितीतरी केंद्रांवर चालली होती, आणि त्या सगळ्यांची माहिती एका डेटाबेसमध्ये साठत होती. त्यात प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ओळ, आणि त्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट म्हणजे एक रकाना. असे शेकडो रकाने. बाहेरच्या माणसाला त्यात सोडलं तर तो बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा रडेल. म्हणून तिला एक मार्गदर्शिका लिहायला बसवलं होतं. साहेबांनी त्या मार्गदर्शिकेचं नाव ठेवलं होतं ‘वाटाड्या’. त्यात प्रत्येक रकाना तीनदा समजावून सांगायचा होता: डॉक्टरांसाठी एकदा, संख्याशास्त्राच्या लोकांसाठी एकदा, आणि साध्या माणसांसाठी एकदा, म्हणजे ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला हे औषध घ्यायचं आहे त्यांच्यासाठी.

तिसरा भाग सगळ्यांत अवघड. तो लिहिताना ती आपल्या वहिनीला डोळ्यांसमोर ठेवी. वहिनीला आमवात होता. चाचणीच्या पुढच्या टप्प्यात आपलं नाव लागावं म्हणून ती वाट पाहत होती, आणि चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने वाटाड्या मंजूर केल्याशिवाय पुढचा टप्पा उघडणार नव्हता.

‘चाचणी का थांबली’ या रकान्यात कोड होते. एक म्हणजे औषधाचा त्रास झाला. दोन, गुण आला नाही. तीन, मृत्यू. चार, स्वेच्छेने बाहेर. पाच, संपर्क तुटला. डॉक्टरांच्या भागात चारपुढे ‘स्वेच्छेने बाहेर’ एवढं लिहून भागलं. संख्याशास्त्राच्या भागात ‘कोड ४, उपचाराशी संबंध नाही असे धरावे’ असं लिहिलं, तेही भागलं. पण साध्या भागात ती अडली. साध्या वाक्याला कर्ता लागतो. ‘या माणसांनी’ असं तिने लिहिलं, आणि या माणसांनी नेमकं काय केलं, हे लिहिण्याआधी बाटल्यांचा रकाना तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने ते दोन शब्दही खोडले. ओळ कोरी राहिली, आणि पुढे कितीतरी आठवडे कोरीच राहिली.

कोड कोणी आपल्या मनाने देत नसे. रुग्ण यायचा थांबला की मुख्य ऑफिसातला फोन विभाग केंद्रावर किंवा घरी फोन करी, मिळालेलं उत्तर एका छोट्या चौकटीत टाइप करी, आणि त्या उत्तरातल्या शब्दांवरून सिस्टीम कोड लावी. ती उत्तरं ‘मूळ नोंदी’ नावाच्या फाईलीत असत. तिने ती उघडायला घेतली. फाईल उघडेना. मागच्या आठवड्यात उघडली होती.

डेटा मॅनेजरच्या टेबलापाशी दुपारचा डबा खायची तिची जुनी सवय होती. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, कारण दुसऱ्याच्या कागदावरसुद्धा चूक दिसली की त्यांचा हात लाल पेनाकडे जाई. नाकासमोर चालणारा माणूस.

“गुरुजी, चार नंबरच्या मूळ नोंदी बघायच्या होत्या.”

“कशाला?”

इतक्या वर्षांत गुरुजींनी तिला ‘कशाला’ असं कधी विचारलं नव्हतं.

“लोक फोनवर नेमकं काय म्हणाले ते बघून अर्थ लिहीन म्हणते.”

“अर्थ आहे की. स्वेच्छेने बाहेर. नियमात छापलंय.”

“नियम मीपण वाचलाय. फाईल उघडत नाहीये.”

“सफाई चाललीय तिची.”

“कसली सफाई?”

“कोशताई, तुम्ही म्हणजे ना, सुतावरून स्वर्ग गाठता.” गुरुजींनी अर्ध्या भरलेल्या डब्याला झाकण लावलं. “चहा सांगू?”

चहा आला. गुरुजी कपात बघत बसले. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, ते तिने त्या दिवशी जवळून पाहिलं.

मग तिला जिथेतिथे तेच दिसू लागलं. साहेब आपल्या खोलीतून फारसे बाहेर पडत नसत, ते तिच्या टेबलाशी येऊन “वाटाड्या कुठवर आला?” असं विचारून जाऊ लागले. पाणी प्यायला ती गेली की तिथलं बोलणं क्रिकेटवर येई. ती शास्त्र शिकलेली बाई होती. शंकेला पुरावा म्हणत नाहीत हे तिला ठाऊक होतं. माणसं क्रिकेटवर बोलतातही. तरीसुद्धा कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि भिंत तिच्याच टेबलामागची होती.

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. वाटाड्याचा साधा भाग ती आधी वहिनीला वाचायला देई, साहेबांच्या परवानगीने. वाचून कळतं का ते तपासायला साधं माणूस हवंच होतं. वहिनी शिवण शिकवायची. आता क्लास बंद होता आणि मशीनवर कपड्यांची चळत साठली होती. सकाळी वहिनीची मूठ मिटत नसे. दुपारपर्यंत जेमतेम कात्री धरता येई.

“नणंदबाई, झकास लिहिलंय हो,” वहिनी म्हणाली. पानं उलटताना ती अंगठा न वापरता तळहाताची कड वापरत होती. “मला कळलं म्हणजे भिंतीलासुद्धा कळेल.”

“कुठे अडलीस?”

“अडले नाही. पण हे बघा, इथे तुम्ही जागा सोडलीय. एकची माणसं त्रास झाला म्हणून थांबली, दोनच्या माणसांना गुण आला नाही, तीनची बिचारी वारली. चारच्या लोकांचं काय केलंत?”

“ते लिहायचंय अजून.”

“अगं, असेल काहीतरी किरकोळ,” दादा आतून म्हणाला. तो टॉवेलने हात पुसत बाहेर आला. “चिमे, ते राहू दे. हिचं नाव कधी घालतेस?”

“नाव मी नाही घालत, दादा. केंद्र घालतं.”

“मग केंद्राला सांग ना! लोकांच्या ओळखीने काय काय होतं. आमची ओळख कुठे, तर शब्दांचे अर्थ लिहिणारीशी!”

“अहो, त्यांना टोचू नका,” वहिनी म्हणाली. “नणंदबाई, माझं ठरलंय. हे पुरं होऊन हातात आलं की मी वाचणार, आणि मग केंद्रावर जाऊन सही करणार. डॉक्टर बोलतात त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. तुम्ही लिहिलेलं कळतं. तुम्ही लिहिलंत की मी गोळी घेतली म्हणून समजा.”

“बघते,” ती म्हणाली.

“किती बघता हो?” वहिनी हसली. “मुलगी बघायला आल्यासारख्या.”

ती हसली नाही. वहिनी गोळी घेणार होती ती तिच्या शब्दावर, आणि तिच्याजवळ एका ओळीपुरता शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्याआल्या तिने त्या केंद्रावरच्या सिस्टरला फोन लावला. फोन करायला तिला रीतसर कारण होतं. रकान्याचा अर्थ केंद्राला विचारणं हे तिचं कामच होतं. तरी तिने बैठकीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

“सिस्टर, मी मुख्य ऑफिसातून बोलतेय, वाटाड्या लिहिते ती. ‘बाटली कोणी परत केली’ हा रकाना फक्त तुमच्याच केंद्रावर पूर्ण भरलाय.”

“भरणारच! मी सोडते होय कुणाला? एकेक गोळी मोजून घेते.” सिस्टरचा आवाज मोठा होता, मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. “बाकीच्यांना काय, बाटली आली तर आली. माझ्याकडे हिशेब चोख.”

“पण बाटल्या घरचे का आणतात?”

“मग कोण आणणार? पेशंट गेले की घरच्यांनाच आणाव्या लागतात ना.”

“कुठे गेले?”

सिस्टरने आधी रडणाऱ्या मुलाला गप्प केलं.

“ताई, थट्टा करताय का?” सिस्टर म्हणाली. “कुठे गेले म्हणजे काय? गेले.”

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“वारले?”

“मग काय सांगतेय मी! सगळे नाही हो. एकदोघं खरंच वैतागून सोडून गेले. पण बाकीचे... एक आजोबा फार चांगले होते, यायचे तेव्हा माझ्यासाठी फुलं आणायचे. त्यांची सून आली होती बाटली घेऊन.”

“तुम्ही हे कळवलं होतं?”

“म्हणजे? प्रत्येक वेळी. मृत्यूचा फॉर्म डॉक्टरांनी भरायचा असतो, पण आमचे डॉक्टर मध्येच गेले...”

“ते पण?”

“बदलीवर गेले हो! चांगले धडधाकट आहेत.” सिस्टरला हसू आलं, पण ते पुरतं फुललं नाही. “नवीन डॉक्टर येईपर्यंत फोन विभागाला तोंडी कळवा, असा तुमच्याच ऑफिसचा हुकूम होता. त्यांचा फोन आला की मी सांगायची, अमुक नंबरचे पेशंट गेले. त्या बरं म्हणायच्या, लिहून घ्यायच्या. फोन ठेवायची घाई असायची त्यांना.”

“‘मृत्यू झाला’ असं म्हणाला होतात?”

“असं कोण म्हणतं? समोर सून बाटली घेऊन उभी असते. तिच्या तोंडावर म्हणू, की तुझे सासरे मेले म्हणून?”

फोन ठेवल्यावर तिच्या मनात ‘गेले’ हा एकच शब्द घोळत राहिला. घरातून निघालेलं माणूस आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. त्या एका शब्दाची सगळ्यांना धास्ती असते, म्हणून तो सगळे सांभाळून वापरतात, आणि वापरला की समोरच्याला अर्थ सांगावा लागत नाही. आवाज थोडा खाली येतो, तोच अर्थ. पण आवाज चौकटीत टाइप होत नाही. चौकटीत उरतात दोन अक्षरं, आणि नियमाच्या यादीत त्या अक्षरांपुढे काय लिहिलं होतं, हे तिला आता फाईल न उघडताही सांगता आलं असतं.

एकच कळत नव्हतं: ही चूक होती, की चुकीचं रूप घेतलेलं दुसरं काही?

तिने गुरुजींना जिन्यात गाठलं. तिथे येणंजाणं कमी होतं.

“‘गेले’ला चार कोणी दिला, गुरुजी?”

गुरुजींनी कठडा धरला. वर पाहिलं, खाली पाहिलं.

“मी,” ते म्हणाले. “सुरुवातीला सगळं तसंच यायचं हो. ‘गावी गेले’, ‘मुलाकडे राहायला गेले’, ‘दुसऱ्या डॉक्टरकडे गेले’. शेकड्याने. मी नियम केला, ‘गेले’ दिसलं की चार. तेव्हा बरोबरच होता तो. पुढे फोनवाल्यांवर कामाचा बोजा वाढला, त्यांनी पुढचं-मागचं लिहिणं सोडलं. नुसतं ‘गेले’ येऊ लागलं. सिस्टीमला काय, तिने चार लावला. मी बघितलंसुद्धा नाही.”

“आणि कधी बघितलंत?”

“माझा साडू वारला ना मागे. ऑफिसच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला. ‘आमचे साडू गेले, दोन दिवस येणार नाही.’ टाकला, आणि मोबाईल हातातच राहिला.” गुरुजींचा आवाज खाली आला. “साडूच्या घरी लोक रडत होते आणि मी मनात नियम वाचत होतो.”

“नुसत्या ‘गेले’वाल्या नोंदी किती आहेत?”

“एकोणतीस. त्यातले किती त्या अर्थाने गेले, ते मला माहीत नाही. शपथेवर सांगतो, माहीत नाही.”

“आणि फाईल बंद कोणी केली?”

गुरुजींची नजर वरच्या मजल्याकडे गेली.

“साहेबांनी?”

“ते म्हणाले, आधी वाटाड्या मंजूर होऊ दे. मग सावकाश एकेकाला फोन करून तपासू. मी काही खोडलेलं नाही, कोशताई. एक अक्षरसुद्धा नाही. फक्त कुलूप आहे.”

“आणि तुम्ही कुलपाबाहेर राखण करत बसलात.”

“निवृत्तीला आलोय मी,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या खिशात लाल पेन होतं. तिला वाटलं, हा माणूस खरं बोलतोय. मग लगेच वाटलं, मला असं वाटावं म्हणून तर साडूची गोष्ट सांगितली नसेल? साडू गेल्याचा तो मेसेज तिलाही आला होता. तिने दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. तरीही शंका गेली नाही. एकदा चष्म्यावर डाग पडला की सगळ्या भिंतींवर डाग दिसतात.

दुपारी साहेबांचा निरोप आला.

साहेबांची खोली थंड होती आणि टेबलावर एकही कागद नव्हता. ते कधी आवाज चढवत नसत. ऑफिसातले लोक म्हणत, साहेब रागावले की जास्त ‘बसा बसा’ करतात.

“बसा, कोशताई, बसा. केंद्रावर फोन केलात म्हणे.”

फोन करून अर्धा दिवसही झाला नव्हता. सिस्टरने सांगितलं असेल? की गुरुजींनी, जिन्यातून सरळ इथे येऊन?

“बाटल्यांचा रकाना समजून घ्यायचा होता.”

“समजला?”

“समजला.”

“छान. मग चारची ओळ तेवढी भरून टाका. ‘स्वेच्छेने बाहेर’. पुढच्या आवृत्तीत काय सुधारायचं ते सुधारू. पहिली आवृत्ती कुणाची निर्दोष असते?”

“साहेब, त्यातली काही माणसं वारली आहेत.”

“असतील. वय झालेली माणसं होती. या वयात माणसं जातात.”

हा शब्द त्यांच्याही तोंडात सहज आला, आणि त्यांना तो जाणवलासुद्धा नाही, हे तिने पाहिलं.

“औषधाने गेली असं मी म्हणत नाहीये,” ती म्हणाली. “औषधाची गोळी घेणारी जास्त गेली, की तुलनेसाठी बिनऔषधाची गोळी दिलेली, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? आणि चारमध्ये टाकल्यावर मोजणार कोण?”

साहेबांनी बोटांची टोकं एकमेकांना लावली.

“तुमच्या वहिनी शिवण शिकवतात ना? चौकशीला आल्या होत्या केंद्रावर. हात फार दुखतात म्हणे.”

साहेब थोडे पुढे झुकले.

“वाटाड्या लिहिणाऱ्या बाईंच्या घरातलं माणूस पुढच्या टप्प्यासाठी रांगेत आहे, हे समितीला सांगितलंय तुम्ही?”

“नाही.”

“नाही ना? मीही सांगणार नाहीये. कशाला उगाच? पण उद्या तुम्ही काही शंकाकुशंका काढल्यात आणि हे बाहेर आलं, तर लोक म्हणतील, बाईंचा काहीतरी स्वार्थ असणार.” ते हसले. “वहिनींचं नाव पहिल्या तुकडीत लागेल. मी स्वतः लक्ष घालीन. हात लवकर बरे व्हायला हवेत त्यांचे.”

ती उठली. दारापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की साहेबांनी एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलले होते, आणि पाठ गार पडली होती.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

“चिमे, हिच्या हातून आज कप पडला. गरम चहा पायावर. भाजलं नाही फारसं. तुझं काय ते ‘बघणं’ झालं का?”

तिला सांगता येत होतं. एका वाक्यात सांगता येत होतं: वहिनीला थांबव. पण समितीपुढे न आलेली गोष्ट घरात आधी सांगायची, आपलं माणूस तेवढं बाजूला काढायचं आणि बाकीच्या घरांतल्या माणसांना रांगेत उभं ठेवायचं? आणि न सांगावं, तर कप पडलेला हात आणखी किती दिवस तसाच ठेवायचा? गोळी कदाचित चांगलीही असेल. तेही तिला माहीत नव्हतं. सगळ्यांत वाईट तेच होतं.

“दादा, दोन दिवस थांब.”

“दोन दिवस, दोन दिवस! तुझ्या कोशात ‘आज’ हा शब्द आहे का?”

मागून वहिनीचा आवाज आला, “अहो, ठेवा तो फोन. त्या लिहितील तेव्हा वाचू आपण. घाई कसली?”

समितीची बैठक लांबलचक टेबलाभोवती भरली. मधोमध अध्यक्षबाई होत्या, निवृत्त प्राध्यापिका, ज्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बारीक सही करत पुढे जात. एका बाजूला साहेब. दुसऱ्या बाजूला, पडद्यावर पानं दाखवायला, गुरुजी. तिची खुर्ची टोकाला होती. डॉक्टरांचा भाग झाला. संख्याशास्त्राचा झाला. लोकांनी बिस्किटं खाल्ली. एका सदस्याने विचारलं की ‘वाटाड्या’ हा शब्द जरा जुनाट नाही का वाटत, आणि त्यावर चर्चा चांगलीच रंगली.

मग साधा भाग पडद्यावर आला. गुरुजी पान खाली सरकवत होते. एक, दोन, तीन.

चारची ओळ भरलेली होती.

‘या माणसांनी स्वतःच्या इच्छेने चाचणी सोडली.’

तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पडद्याकडेही पाहत नव्हते आणि तिच्याकडेही. ते हातातल्या माऊसकडे पाहत होते. वाक्य नीट होतं. कर्ता होता, कर्म होतं, क्रियापद होतं. तिने लिहिलेलं वाटावं इतकं ते साधं होतं. उद्या वहिनी तळहाताच्या कडेने पान उलटून हे वाचेल, आणि हे आपल्या नणंदेने लिहिलंय म्हणून मान डोलवेल.

“झालंच तर मग,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. “सगळे रकाने पूर्ण आहेत, मॅडम.”

“लेखिकेची संमती नोंदवायची राहिली,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्म्यावरून टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. “हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि ते बरोबर आहे, एवढंच म्हणायचं. नियम आहे म्हणून विचारते.”

साहेबांनी तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली. ‘बसा बसा’ म्हणताना हलवत, तशीच.

ती उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून तिचा आवाज निघाला नसता.

“आधी एक सांगायचंय,” ती म्हणाली. “माझ्या वहिनीला आमवात आहे. तिला पुढच्या टप्प्यात यायचंय. हे मी आधीच सांगायला हवं होतं. ते लक्षात ठेवून माझं पुढचं ऐका.”

“कोशताई, हा विषय आत्ता...” साहेब म्हणाले.

“बोलू द्या त्यांना,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“चारची ओळ मी लिहिलेली नाही. ती कोणी लिहिली ते मला माहीत नाही. सिस्टरने, घरच्यांनी फोनवर ‘गेले’ म्हणून सांगितलं, ते आपण ‘सोडून गेले’ असं धरलं. एकोणतीस नोंदींत नुसता तेवढाच शब्द आहे. त्यातली काही माणसं वारली आहेत. केंद्रावरच्या सिस्टरने मला सांगितलं. किती, ते कुणी तपासलेलं नाही, आणि फाईलला कुलूप आहे.”

माऊसवरचा गुरुजींचा हात थांबला.

“हे खरं आहे?” अध्यक्षबाईंनी विचारलं, आणि तो प्रश्न गुरुजींना होता.

“खरं आहे,” गुरुजी म्हणाले. “नियम माझा होता.”

साहेब काहीतरी बोलायला लागले. घाई, पुढची आवृत्ती, गैरसमज, असे शब्द तिला ऐकू आले. मग अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि तिला विचारलं, “तुमचं म्हणणं काय आहे? त्या ओळीत काय लिहायचं?”

इतके आठवडे कोरी राहिलेली ओळ तिला आता पाठ होती.

“लिहा: ‘यातल्या काही माणसांनी चाचणी सोडली, आणि काही माणसं मरण पावली. कोण कुठलं, हे आम्ही अजून विचारलेलं नाही.’ विचारून होईपर्यंत माझी संमती नाही. तोवर नव्या कुणालाही ही गोळी देऊ नका.” तिने श्वास घेतला. “माझ्या वहिनीलाही नाही.”